त्रिनिदादला जाताय? आधी परतीचं बघा

गेल्या दोन महिन्यांत त्रिनिदादबद्दलची, म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशाबद्दलची, एवढी पत्रं आलीत की मी संपादकांना म्हटलं, या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकू. कुणाचा मुलगा तिथल्या गॅस प्लँटवर आहे, कुणाला मॅच बघायचीय, कुणाला कार्निव्हल, एक जोडपं हनिमूनला टोबॅगोला निघालंय. एक पत्र तर चौथीतल्या मुलीचं आहे, ते शेवटी घेते.

प्रश्न : डॉक्टरताई, आमचा मुलगा त्रिनिदादमध्ये पॉइंट लिसासला नोकरीला आहे. आम्ही दोघं फेब्रुवारीत महिनाभर त्याच्याकडे जातोय. ट्रॅव्हल एजंट म्हणतो की कसलंही इंजेक्शन लागत नाही, त्याने आधी माणसं पाठवलीत. मुलगा म्हणतो यलो फीवरचं कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. आता ऐकायचं कुणाचं? – ठाणे

उत्तर : मुलाचं ऐका. यलो फीवर म्हणजे डासांमुळे होणारा एक ताप, आणि कार्ड म्हणजे त्याची लस घेतल्याचा दाखला. एजंट खोटं बोलत नाहीये, पण तो फक्त जाण्याचं बोलतोय. त्रिनिदादवाले यलो फीवरचं कार्ड मागतात ते यलो फीवर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, आणि भारतात हा आजार नाही, त्यामुळे जाताना तुम्हाला बहुतेक कुणी काही विचारणार नाही. हां, वाटेत आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या तशा देशात मुक्काम असेल तर त्रिनिदादला उतरल्यावरही विचारतील. खरी गंमत परत येताना आहे. ज्या देशांतून येणाऱ्याकडे कार्ड पाहिजेच अशी आपल्या सरकारची यादी आहे, त्यात त्रिनिदाद आहे. मुंबईला उतरलात, पासपोर्टवर तिथला शिक्का दिसला आणि कार्ड नसलं, तर तुम्हाला क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. घरी नाही बरं का, त्यांच्या जागेत.

सहाच दिवस का, तर हा व्हायरस अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. म्हणून मोजणी मुंबईला उतरल्यापासून नाही, तो देश सोडल्यापासून होते. माझ्याकडच्या एका काकांना हे माहीत नव्हतं, ते त्रिनिदादहून लंडनला लेकीकडे आठवडाभर राहून आले आणि कार्ड नाही म्हणून विमानात रात्रभर घामाघूम झाले, खरं तर त्यांचे सहा दिवस लंडनमध्येच संपले होते. पण त्यांच्या भरवशावर तुम्ही राहू नका, कार्ड घ्या.

आता लोक मला विचारतात की एवढा बाऊ कशाला, साधा ताप तर आहे. साधा नाहीये. बरेच लोक चार दिवसांत बरे होतात हे खरं, पण काहींना जरा बरं वाटल्यावर ताप उलटतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो, आणि त्या टप्प्यावर गेलेल्यांतले जवळजवळ निम्मे दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही. आणि आपलं सरकार एवढं कडक का, तर हा व्हायरस पसरवणारा एडिस इजिप्ती डास म्हणजे आपला डेंग्यूवालाच, तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत आत्ता या क्षणी त्याच्या अळ्या असतील. डास इथे आहे, लोकसंख्या इथे आहे, फक्त तो व्हायरस आशियात अजून रुजलेला नाही. तो एखाद्या विमानातून येऊ नये म्हणून हे सगळं चाललंय.

इंजेक्शन कुठे मिळतं तर सरकारमान्य केंद्रातच. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं आहे, पुण्यातही आहे, पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे मिळते. तुमच्या फॅमिली डॉक्टरने टोचून लेटरहेडवर लिहून दिलं तर ते चालत नाही. केंद्रावर ठरावीक वारीच देतात, कारण कुपी एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून बोलावतात. आधी नाव नोंदवा, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन जा, कार्डवरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच खुर्चीत बसून तपासा, एका आकड्याची चूक विमानतळावर फार महागात पडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्ड धरलं जातं ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी. प्रवासाच्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. एकदा घेतलं की मात्र आयुष्यभर, २०१६च्या जुलैपासून तसा नियमच झालाय, दर दहा वर्षांनी परत घ्यायची भानगड संपली. लस जुनीच आहे, १९३७ सालची, ज्यांनी बनवली त्या मॅक्स थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल मिळालं.

प्रश्न : ताई, आईबाबांना त्रिनिदादला बोलावलंय. बाबा ६९ वर्षांचे, शुगर आहे, इन्सुलिन घेतात. आई ६४, तिला संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. केंद्रावरच्या डॉक्टरांनी दोघांनाही लगेच इंजेक्शन न देता परत पाठवलं, म्हणाले आधी तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा. उगाच त्रास देतात का हो? – कोथरूड, पुणे

उत्तर : नाही हो, बरोबर केलं त्यांनी, उलट न विचारता टोचलं असतं तर मला काळजी वाटली असती. ही जिवंत व्हायरसची लस आहे, दुबळा केलेला पण जिवंत. धडधाकट माणसाला एखादा दिवस अंग दुखतं, बारीक ताप येतो, झालं. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्याच्यात तो व्हायरस वाढू शकतो. आईंचं मेथोट्रेक्सेट त्यातलंच औषध. तेव्हा त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस नको, आणि कृपा करून लस घेता यावी म्हणून मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करू नका, हा सल्ला सोसायटीतलं कुणीतरी देणारच आहे म्हणून आधीच सांगतेय. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर असलेले, केमो चालू असलेले, अंड्याची जोरदार ॲलर्जी असलेले, थायमस ग्रंथीचा आजार झालेले, सहा महिन्यांच्या आतलं बाळ, या सगळ्यांना ही लस नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांशी बोलूनच.

बाबांचं वेगळं आहे. शुगर असली म्हणून लस अडत नाही, अडतंय ते वय. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रास होण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त आहे, तरी ते क्वचितच होतं. मग प्रश्न असा की बाबा तिथे काय करणार आहेत. मुलाच्या घरी बसून नातवंडांशी खेळणार, बाजारात जाणार, एवढंच असेल तर यलो फीवरचा धोका फार कमी आहे, आणि उत्तरेच्या डोंगरात पक्षी बघायला पहाटे जंगलात जाणार असतील तर गोष्ट वेगळी. यलो फीवर तिथे शहरात नाही, जंगलात माकडांत आणि झाडांच्या शेंड्याकडे राहणाऱ्या डासांत फिरतो. तिथली हाउलर माकडं, ती पहाटे केवढ्याने ओरडतात, ती मरून पडायला लागली की आरोग्य खातं सावध होतं, २००८-०९ मध्ये तसंच झालं होतं. माणसांत शेवटची मोठी साथ १९७८-७९ची.

लस द्यायची नाही असं ठरलं तर डॉक्टरांकडून वैद्यकीय कारणाचं सूट-पत्र घ्या, केंद्राकडूनच घेतलं तर उत्तम. पण ते पत्र दाखवलं की सुटलो असं समजू नका, शेवटचा निर्णय विमानतळावरच्या हेल्थ ऑफिसरचा असतो. जमत असेल तर परतताना वाटेत आठवडाभर कुठे नातेवाइकांकडे थांबून या, तो काढा सगळ्यात सोपा, वरच्या काकांसारखा.

इन्सुलिनचं राहिलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे जाताना बाबांचा एक दिवस जवळपास दीड दिवसाचा होतो आणि येताना आखूड. डोस कधी नि किती हे निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, विमानात अंदाजाने नको. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचं, खालच्या सामानात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला चांगलं असलं तरी फेकून द्यायचं. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडे कुणी ओळखत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र क्वीन्स पार्क ओव्हलवर मॅच बघायला जायचं म्हणतोय. खाण्यापिण्याचं काय? पोट बिघडेल अशी भीती घरच्यांना. – नाशिक

उत्तर : ओव्हल म्हटलं की आमच्या पिढीला १९७१च आठवतं. गावसकरांनी त्या एका मालिकेत ७७४ धावा केल्या, पदार्पण पोर्ट ऑफ स्पेनला याच मैदानावर आणि शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२० तेही तिथेच. आणि ते २२० काढताना त्यांची दाढ भयंकर दुखत होती. त्यावरून माझा पहिला सल्ला, हसू नका, निघायच्या महिनाभर आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. परदेशात दात दुखण्याइतकं खर्चिक आणि केविलवाणं दुसरं काही नाही, आणि बऱ्याच ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये दातांचं अगदी थोडंच धरलेलं असतं.

खाण्याचं म्हणाल तर तुम्हाला परकं वाटणारच नाही. सकाळी रस्त्यावर डबल्स मिळतात, दोन मऊ पिवळसर तळलेल्या पुऱ्या, त्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात, आणि मध्ये छोले, म्हणजे त्यांच्या भाषेत चन्ना. ३० मे १८४५ला फॅटेल रझाक जहाजातून पहिले हिंदुस्थानी मजूर तिथे उतरले, बहुतेक भोजपुरी मुलखातले, त्यांचंच हे सगळं. दालपुरी रोटी, फुलौरी म्हणजे भजी, कुचेला म्हणजे कैरीचं लोणचं. वडिलांच्या आईला तिथे आजी म्हणतात, हे ऐकलं तेव्हा मला अगदी भरून आलं होतं. तर डबल्स खा, पण ज्याच्याकडे गर्दी आहे आणि जो तुमच्यासमोर तव्यातून काढून देतोय त्याच्याकडे. तो विचारेल पेपर, म्हणजे तिखट चटणी, किती, तेव्हा नाशिकचा तिखटपणा दाखवायला जाऊ नका, ‘स्लाइट’ म्हणा. मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची त्याच बेटावरची, २०१२ मध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून नावाजली गेली होती. दुसऱ्या दिवशी मॅच बघायचीय की बाथरूममध्ये बसायचंय ते तुम्ही ठरवा.

पाणी सीलबंद बाटलीचं, बर्फाचा भरवसा नसेल तर बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. ओआरएसची सात-आठ पाकिटं बॅगेत टाका. जुलाब लागले तर आधी पाणी भरून काढा, गोळी घेऊन थांबवायची घाई नको, आणि रक्त पडलं किंवा ताप आला तर डॉक्टर. हेपॅटायटिस ए आणि टायफॉइडची लस घेतली नसेल तर या निमित्ताने घेऊन टाका. स्टँडमध्ये दिवसभर बसणार, तर ऊन विसरू नका. त्रिनिदाद साधारण कोचीच्या अक्षांशावर आहे, समुद्राचा वारा लागतो म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी मान सोलून निघते. सोबत रम असणार हे मला माहीत आहे, दर ग्लासमागे एक ग्लास पाणी एवढंच म्हणते.

प्रश्न : आम्ही हनिमूनला फक्त टोबॅगोला चाललोय. तिथे यलो फीवर नाही असं वाचलं, मग इंजेक्शन कशाला? आणि बीचवर काय काळजी घ्यायची? – डोंबिवली

उत्तर : अभिनंदन दोघांचं. वाचलंत ते बरोबर आहे, धोका त्रिनिदाद बेटावरच मानतात. पण देश एकच, आणि टोबॅगोला जाणारे बहुतेक जण त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावरूनच जातात. रात्री दोनला मुंबईच्या काउंटरवर उभं राहून दोन बेटांचा भूगोल समजावण्यापेक्षा लस घेतलेली बरी. एक महत्त्वाचं, दिवस राहिलेत किंवा लवकरच बाळाचा विचार आहे तर लस घ्यायच्या आधी आणि तिकीट काढायच्याही आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, कारण तिथे झिका हा डासांमुळे पसरणारा व्हायरसही येऊन गेलाय, आणि झिका पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो. तो नवऱ्याकडून बायकोलाही जातो, म्हणून परतल्यावर काही महिने थांबायला सांगतात.

बीचवरची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण ही कुणी सांगत नाही. किनाऱ्याला मँचिनील नावाचं झाड असतं. चकचकीत हिरवी पानं, खाली पडलेली छोटी हिरवट-पिवळी फळं, आपल्या छोट्या पेरूएवढी, वासही गोड. १९९९ मध्ये टोबॅगोच्या बीचवर एका ब्रिटिश रेडिऑलॉजिस्ट बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणीने ते फळ चाखलं. आधी छान गोड लागलं म्हणे, मग मिरीसारखं चुरचुरलं, मग घसा जळायला लागला आणि एवढा आवळला की गिळता येईना, काही तास तो त्रास चालला. दारूने वाढला, दुधाने जरा उतरला. त्यांनी हे सगळं पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून काढलं, डॉक्टर मंडळी स्वतःच्या फजितीचाही पेपर करतात. फळ तर सोडाच, त्या झाडाचा चीक कातडीला लागला तर फोड येतात, पाऊस आला म्हणून त्याच्या खाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने भाजल्यासारखं होतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, सगळीकडे नसतो. साधा नियम, ओळखीचं नाही ते झाड तुमचं नाही, आडोशाला नारळ शोधा. चीक लागलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेला तर धुत धुतच दवाखाना गाठा.

मासे खाणारे असाल, डोंबिवलीचे म्हणजे असालच, तर मोठा बाराकुडा टाळा. प्रवाळातल्या मोठ्या माशांत कधीकधी सिग्वाटेरा नावाचं विष साठतं, ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब आणि मग एक विचित्र प्रकार, गार पाणी हाताला चटका बसल्यासारखं वाटतं. तसं झालं तर काय मासा खाल्ला ते डॉक्टरला सांगा. स्कूबा केलंत तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्या, एक पूर्ण दिवस धरा. आणि त्रिनिदादमध्ये एक दिवस घालवून माराकासच्या बीचवर पोहणार असाल तर लाल झेंड्याच्या पलीकडे जायचं नाही, तिथल्या पाण्याची ओढ जबरदस्त आहे. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा आणि हात वर करा. तिथे ॲम्ब्युलन्सचा नंबर ८११, फोनमध्ये आत्ताच टाका.

प्रश्न : कार्निव्हल बघून येऊन पाच दिवस झाले. कालपासून १०२ ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, सांधे धरलेत. घरात कॉम्बिफ्लाम आहे, घेऊ का? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हे पत्र मिळालं त्याच दिवशी मी फोन करायला लावलं होतं, पण सगळ्यांसाठी लिहिते. नाही, घेऊ नका. त्यात आयब्युप्रोफेन आहे, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. साधी पॅरासिटामॉल घ्या, पाणी-सरबत-पेज भरपूर, आणि त्याच दिवशी डॉक्टर. तिथे डेंग्यू आहे, चिकुनगुन्याही येऊन गेलाय. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं की मी अमुक तारखेला त्रिनिदादहून आलो आणि यलो फीवरची लस घेतली आहे किंवा नाही. आपण ‘व्हायरल आहे’ म्हणून सुरुवात करतो आणि प्रवासाचं तिसऱ्या दिवशी आठवतं. मलेरियाची गोळी तिथे जाताना लागत नाही, त्रिनिदाद १९६५ मध्येच मलेरियामुक्त झालं. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त सांभाळायचे, पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं एकही दिसलं तर थेट हॉस्पिटल. आणि घरातल्या घरात मच्छरदाणीत झोपा, तुमच्यामुळे इथल्या डासाला तो व्हायरस मिळायला नको.

जे अजून जायचे आहेत त्यांनी डीट किंवा पिकारिडिन असलेलं रिपेलंट न्या, डीट २० ते ३० टक्क्यांचं. आधी सनस्क्रीन, वर रिपेलंट, उलटं नाही. हा डेंग्यूवाला डास दिवसा चावतो, म्हणून रात्री गुडनाइट लावून समाधान मानू नका.

प्रश्न : मला दमा आहे, जूनमध्ये जाऊ का? – सोलापूर

उत्तर : जा, पण पंप दोन न्या, एक हातातल्या बॅगेत. त्या महिन्यांत सहारा वाळवंटाची धूळ अख्खा अटलांटिक ओलांडून तिथे येते, आकाश दुधाळ होतं, डोंगर दिसेनासे होतात. त्या दिवशी घरात बसा, रोजचा प्रिव्हेंटर चुकवू नका.

प्रश्न : त्रिनिदादला रक्त पिणारी वटवाघळं असतात का? बाबा म्हणतात मी चेष्टा करते. – इयत्ता चौथी, सांगली

उत्तर : असतात गं, बाबांना सांग की चेष्टा नाहीये. छोटीशी असतात, रात्री गाई-बकऱ्यांना हळूच चावतात आणि चाटून रक्त पितात, गाईला कळतही नाही. १९२०च्या दशकात तिथे गाई आणि माणसं लुळी पडून मरायला लागली, डॉक्टरांना आधी वाटलं पोलिओ आहे. मग तिथल्याच जोसेफ पवन नावाच्या डॉक्टरांनी १९३१ मध्ये शोधून काढलं की हा रेबीज आहे आणि तो या वटवाघळांमुळे होतोय. वटवाघूळ रेबीज देतं हे तेव्हा पटायला जड गेलं होतं. माणसांना ती क्वचितच चावतात, आणि तू हॉटेलात खिडकीला जाळी असलेल्या खोलीत झोपणार आहेस. जंगलातल्या तंबूत झोपलात तर मच्छरदाणी लावायची. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ कितीही बिचारं दिसलं तरी हातात घ्यायचं नाही, आणि कुठलाही प्राणी चावला, ओरखडला तर लपवायचं नाही, लगेच साबण आणि नळाच्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि आईबाबांना घेऊन इंजेक्शनला जायचं. रडलं तरी चालतं.